अंगाऱ्याची बाटली

दिघीच्या कोळीवाड्यात त्या सकाळी बोंबील वाळत घालायचे सोडून सगळे रतनबुवाच्या ओट्यापुढे जमले होते. बुवाने काचेच्या दोन बाटल्या मांडल्या. पहिलीत सरकारी औषध मारलेल्या भिंतीचा पोपडा आणि दहा डास. ते मजेत उडत होते. दुसरीत त्याने धुनीतला अंगारा पळीने ओतला आणि तिथले दहाही डास उताणे पडले. बायकांनी हात जोडले.

डास देवीआईच्या कोपाने आलेत, सरकारी औषध त्यांना काय करणार, त्यांना फक्त तिचा अंगारा, असे बुवा सांगत होता. जसा काही आईचा फोन त्याला आत्ताच येऊन गेला होता.

माझी चुलत बहीण मैना पुढेच बसली होती. पूर्वी नावाची तिची सात वर्षांची पोर तीन दिवस हुडहुडी भरून तापत होती, आणि ही बया तिला दवाखान्यात न्यायची सोडून अंगारा पाजत होती. मी दोनदा बजावले. "दादा, तुझ्या औषधाने डास तरी मेले का?" तिने विचारले. बारा वर्षे घरोघर ते औषध मारणारा माणूस मीच, दिनानाथ.

शेवटी आरोग्य केंद्रात रक्त तपासणाऱ्या अमिषाताईला बोलावून आणले. पळी बघून ती म्हणाली, हाच अंगारा थंड करून टाकू या. बुवा विटाळाचे निमित्त काढू लागला; म्हाताऱ्या तुकाराम तांडेलांनी दटावल्यावर बाजूला सरला. राख परातीत निवली, नवे डास भरलेल्या तिसऱ्या बाटलीत गेली. अर्धा तास झाला तरी डास उडतच होते. मग तिने मैनाच्या चुलीतली गरम राख चौथ्या बाटलीत ओतली. डास पटापट मेले.

"भाजून मेलेत," ती म्हणाली. "राख कुठलीही चालते."

बुवा कच्चा नव्हता. "मंग सरकारी औषधाने का मरत न्हाईत, ते सांगा."

लोक पुन्हा त्याच्याकडे वळले. मैनाने तापलेली पोर उचलून त्याच्या ओट्यावर ठेवली. मी गप्प राहिलो असतो तर नोकरी वाचली असती आणि पोर गेली असती.

"माझ्यामुळं मरत न्हाईत," मी म्हणालो.

मग सगळे सांगितले. भिंतीला औषध मारले की सुकटीला वास लागतो म्हणून बायका विनवायच्या, आणि मी भलेपणा मिरवत औषधाची पूड कालवताना दुप्पट पाणी घालायचो. उरलेली पूड वाडीवाल्यांना सुपारीच्या झाडांवर मारायला द्यायचो. कागदावर मात्रा पूर्ण. पातळ औषधाने नाजूक डास मेले, चिवट तेवढे उरले आणि त्यांचीच पिलावळ वाढली. वर्षानुवर्षे एकच औषध वापरल्यानेही असे होते, ते आता बदलावे लागेल, असे अमिषाताई म्हणाली. तुकाराम मला नको ते बोलले. बरोबरच बोलले.

मैनाने पोरीला खांद्यावर घेतले आणि ती अमिषाताईच्या मागे चालू लागली. रक्तात मलेरिया निघाला. गोळ्यांनी चार दिवसांत ताप उतरला.

माझ्यावर चौकशी बसली आहे, बसायलाच हवी. तरी सांगतो बाबांनो, औषध हरले म्हणून अंगारा जिंकत नाही. ताप आला की आधी रक्त तपासा. औषध चालेना तर का चालेना ते विचारा, माझ्यासारख्याला तोंडावर विचारा.

परवा मैना आली. उंबऱ्यावरच बसली.

"दादा, पाणी घाल म्हणून मीच सांगत व्हते ना?"

"तू सांगत होतीस," मी म्हणालो. "पण मला कळत होतं."