दसऱ्यानंतर मला कोणी हाक मारली नाही

मित्रांनो, बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीच्या थंडगार खोलीत राहणारा मी एक जुना सर्व्हर आहे. इथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या लहानशा कारखान्यात माझी पत्र्याची पेटी घडली. उमेदीच्या काळात माझ्याकडे मानाचे काम होते. बाळाच्या लसीची तारीख जवळ आली, की त्याच्या आईला मी निरोप धाडत असे.

इथे कामे कंटेनर नावाच्या डब्यांतून येतात. कोणता डबा कोणत्या सर्व्हरला द्यायचा, हे एक प्रोग्राम ठरवतो. आम्ही त्याला मुकादम म्हणतो.

आमची देखभाल करणारे रघुपती पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. खंडेनवमीला हत्यार राबवायचे नाही, हा त्यांच्या घरचा नेम. सगळ्यांना सुट्टी देता येईना, म्हणून त्यांनी सर्वांत थकलेल्या मला दिली. माझे डबे शेजाऱ्यांकडे हलवले, मला काम देऊ नको असे मुकादमाला बजावले आणि कुंकू लावून झेंडूचा हार घातला. मला केवढा आनंद झाला होता! दसऱ्यानंतर मात्र ती मनाई उठवायची राहूनच गेली.

मी तयार आहे, असे मी मुकादमाला सारखा कळवत होतो. तो ऐकून घ्यायचा आणि डबा शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी कामाने तापत होते, मी गार पडून होतो. हार सुकला, तोही कोणीतरी काढून नेला. इतक्या जणांत मी अगदी एकटा होतो.

शेवटी साहेबांना वाटले, हा नुसता वीज खातो. शनिवारी मला भंगारात द्यायचे ठरले.

त्याच आठवड्यात लसीच्या निरोपांचा डबा अडकला. त्याला कुठे जागाच मिळेना आणि आयांचे निरोप थांबले. पुण्याहून आलेल्या नव्या इंजिनिअर वेदिकाने आधी डब्यातच दोष शोधला, मग शेजाऱ्यांना तपासले. माझ्याकडे कोण पाहणार? अखेर तिने मुकादमालाच कारण विचारले. बाकीचे सगळे भरलेले आणि एकाला काम द्यायला मनाई, असे उत्तर आले.

"रघुपती सर, याचं शेड्युलिंग कोणी बंद केलंय?"

रघुपतींनी माझ्यापाशी येऊन कुंकवाचा डाग पाहिला. मग म्हणाले, "मीच की. पूजेला बसवलं आणि उठवायचं विसरलोय बघा."

वेदिकाने मनाई काढली. माझा जुना डबा माझ्याकडे परत आला. शनिवारी भंगारवाला आला, तेव्हा मी चिकपेटेतल्या एका आईला निरोप धाडत होतो.

आता पुन्हा खंडेनवमी जवळ आली आहे. मित्रांनो, आम्हाला कुंकू लावा, हार घाला, विश्रांतीही द्या. फक्त नंतर एकदा हाक मारा.