कमानीखालची ओटी

आमचं कसबं मुठेकाठी, धायरीच्या पलीकडे. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तिथं दगडी पूल उभा राहिला. नदीची पहिली ओटी पाटलांच्या घरातली बाई भरते, हे माझ्या आजेसासूपासून चालत आलेलं. मग पुलाखालची पहिली ओटीही माझीच. त्यात विचारायचं ते काय?

तरी गावानं विचारलंच. भैरू पाथरवट पूल बांधायला आला तेव्हा बायकोला घेऊन आला. सोजर तिचं नाव. चुना मळणारी बाई, पण गावाच्या तोंडी तीच. माझी सून तिला मावशी म्हणायची. मला 'सासूबाई' म्हणायची, तेही ऐकू येईल न येईल असं.

शेवटच्या कमानीखालची आधाराची लाकडं काढायचा दिवस ठरला. भैरू चावडीवर आला.

"आमच्यात रीत हाय," तो म्हणाला. "लाकडं काढताना मिस्तरी बायकोसंगं कमानीखाली उभा ऱ्हातो. कमान टिकली की तिथंच ती नदीची ओटी भरती."

"मग मीही उभी राहते," मी म्हटलं.

आमचे हे, संभाजी पाटील, विडा चघळायचे थांबले. "अगं, कमान खाली आली तर?"

"तर तुम्ही दुसरी करा. हौस फिटेल."

चावडी हसली. भैरू हसला नाही.

त्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी भरले होते. मी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, गुडघाभर पाण्यात उभी राहिले. शेजारी सोजर, रोजच्याच लुगड्यात. आणि बघणारे सगळे तिच्याकडे बघत होते.

भैरूनं पाचरी ठोकून सैल केल्या. पहिलं लाकूड पाण्यात पडलं. वरून चुन्याचा भुगा माझ्या नथीवर सांडला. मग सगळी कमान एकदा करकरली, अंग बसवावं तशी.

मी सोजरचा हात धरला. घट्ट. काठावरून सगळ्यांनी पाहिलं.

कमान टिकली. सोजर बाजूला सरली. "पाटलीणबाई, तुमी भरा आदी." मी खण, नारळ, तांदूळ नदीला वाहिले. मान माझा झाला.

काठावर चढलो तशा बायका भोवती आल्या. कुणीतरी खवचटपणे विचारलंच, "सोजरबाई, हात कुणी धरला गं कुणाचा?"

"म्या धरला," सोजर पदर पिळत म्हणाली. "लई भ्या वाटलं. पाटलीणबाई हुत्या म्हून निभावलं."

एकीचाही त्यावर विश्वास बसला नाही. माझी सून तर तिच्याकडे देवीकडे बघावं तशी बघत राहिली.

तिनं खरं सांगितलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता ओटी माझी, मान माझा, आणि मोठेपणा तेवढा तिचा. तिला शिव्या द्यायलाही तिनं जागा ठेवली नाही.