बंदुकांवरची प्रार्थना

रुओतने बंदुकीचा दस्ता हाणला आणि पाळक कोआंग चर्चच्या मातीच्या उंबऱ्यावर कोसळला. सुटलेला दात त्याने तळहातावर थुंकला.

"ऊठ, मामा." रुओत त्याच्याकडे न बघता म्हणाला. "बंदुकांवर हात ठेव, दोन शब्द बोल. मग आम्ही निघतो."

चिंचेखाली गावची तरणी पोरं उभी होती. पुढ्यात बंदुका मांडलेल्या. आदल्या पहाटे नदीपलीकडच्यांनी गुरं पळवली होती. त्यांच्यामागे धावलेला कोआंगचा मुलगा दुओप लव्हाळ्यात सापडला, पोट फाडलेला.

"तुझ्या पोराचं रक्त अजून वाळलं नाही, मामा!"

"मला सांगतोस? मीच धुतलंय ते."

चर्चचा वडीलजन तुत कोआंगच्या कानाशी वाकला.

"पाळकसाहेब, हट्ट सोडा. पोरं अशीही जाणार, तशीही जाणार. उद्या इथं कुत्रं फिरकणार नाही. लोकांच्याच ज्वारीवर जगतो आपण."

"आणि देवाला काय सांगू? पोरं मारायला निघालीत, जरा हात लाव म्हणून?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात गर्दीतून कोआंगची बायको न्याकिम पुढे आली. पोराच्या सुतकात गळ्यातले मणी तिने तोडून टाकले होते.

"दुओप माझाही होता," ती म्हणाली. "ठेवा हात."

लहान मुलासारखे कोआंगने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नाही, न्याकिम."

"आशीर्वाद देत नाही तो हात हवा कशाला?" रुओत ओरडला. त्याने मामाचा उजवा हात ओढून उंबऱ्यावर दाबला आणि दस्ता खाली आणला. हाड मोडल्याचा आवाज चिंचेपर्यंत गेला. दुसऱ्या घावाला न्याकिमने तोंड फिरवलं.

बंदुकांवर मग तुतनेच हात ठेवला.

पोरं परतली ती गुरं हाकत, गाणी म्हणत. रुओतचा शर्ट रक्ताने कडक झाला होता. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. मामाच्या झोपडीपुढून जाताना त्याचं गाणं तेवढं थांबलं.

रविवारी गावात बैल कापला. कोआंगने डाव्या हाताने चर्चचा ढोल वाजवला आणि वाट पाहिली. कोणी आलं नाही. बऱ्याच वेळाने न्याकिम आली आणि बायकांच्या बाजूला, पार मागे बसली. त्याचा हात मोडला त्या दिवसापासून ती त्याच्यापुढे पेज ठेवायची, पण एक शब्द बोलली नव्हती.

त्याने मृतांसाठी प्रार्थना सुरू केली. "दुओप," तो म्हणाला, आणि पुढे त्याला बोलवेना.

"नदीपलीकडचे मेले ते?" मागून न्याकिमने विचारलं.

"त्यांची नावं मला माहीत नाहीत."

बाहेर बैलाच्या मेजवानीत हशा उसळला. न्याकिम नखाने जमीन उकरत राहिली.

"त्यांच्या आयांना माहीत असतील," ती म्हणाली. "तुम्ही थांबू नका."