डिनोचा स्क्रू

चूक माझी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी सारवासारव करतोय म्हणायला नको. एका मेलेल्या पोराच्या हातची शेवटची खूण मी पुसली, आणि तीही खुशीत, शीळ घालत.

मी तानाजी. मानपाड्याला इंडस्ट्रीत माझा लहानसा गाळा आहे. एक लेथ, एक ड्रिल आणि चाळीस वर्षं टर्नरचं काम केलेला हात. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या बाजूच्या गावातले कॉस्मासकाका आले. सत्तरीचे, शेतकरी माणूस. शेताच्या जागी आता टॉवर उभे आहेत. रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक स्क्रू माझ्यापुढे ठेवला.

"शेठ, असा अजून एक पायजे. बंदुकीचा हाय."

"शेठबिठ कोणी नाही इथे. आणि बंदुकीची भानगड मला नको."

त्यांनी ठाण्याच्या परवानावाल्या दुरुस्ती दुकानाची चिठ्ठी काढली. बंदूक लायसन्सची, त्यांच्या वडलांनी डुकरांपासून भात राखायला घेतलेली. सध्या त्या दुकानातच होती. जुनी विलायती बंदूक, तिचे आटे आजच्या कुठल्याच स्क्रूला जुळेनात. दुकानदाराने हात टेकले आणि टर्नरकडून करून आणा म्हणाला.

मग काका सांगत बसले. डिनो त्यांचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने बंदूक साफ करायला खोलली. अर्धं काम झालं, अर्धं राहिलं. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना बाईक घसरली आणि मागून कंटेनर आला. मयतीला घर माणसांनी भरलं, कोणीतरी झाडू मारला, त्यात दोनातला एक स्क्रू गेला. आता बिट्रिस, त्यांची बायको, म्हणत होती की बंदूक घरात नको, पोलिसांकडे जमा करून टाक. काकांनाही ते पटलेलं. फक्त पोराने खोललेली बंदूक त्यांना आधी पुरी जोडायची होती.

"त्याचं काम अर्धं नाय ठेवायचं," म्हणाले.

मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी खेकसतो, ही माझी जुनी खोड.

"ह्या स्क्रूवर ना, डिनोनं…" काका सांगायला लागले, तर मी मध्येच तोडलं. "काका, सॅम्पल मला समजतं. मला शिकवू नका. शनिवारी या."

स्क्रू टेबलावर ठेवून, रुमाल खिशात घालून ते गेले.

तीन दिवस मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. दोन नग वाया गेले, तिसरा जमला. डोक्यावरची खाच इतकी सुरेख पडली की मीच मला शाबासकी दिली. आता, माझ्या उस्तादाने एक शिकवलेलं. गिऱ्हाइकाचं सॅम्पल जसं आलं तसं परत द्यायचं नाही, चमकवून द्यायचं. आम्ही सगळे तेच करतो. जुना स्क्रू मी बफला, म्हणजे पॉलिशच्या चाकाला लावला. डोक्यावर ओरखडे होते, ते गेले. मस्त वाटलं मला.

शनिवारी काका आले. दोन्ही स्क्रू तळहातावर घेऊन दाराशी उजेडात गेले. उलटसुलट करून बघितले, मग पुन्हा बघितले.

"ह्यातला आमचा कोणचा?"

"तो डावीकडचा. घासूनपुसून दिलाय."

"ह्याच्यावर खूण होती. बंदुकीच्या डाव्या बाजूचा की उजव्या, ते कळावं म्हणून डिनोनं टोच्यानं कोरलेली." आवाज अजिबात चढला नाही. "तेच तर सांगत होतो तुमाला."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करावं सुचेना, म्हणून ड्रॉवरमधून माझा टोच्या काढला.

"काका, कशी होती सांगा. हुबेहूब काढून देतो."

बोलताना मलाच लाज वाटली. मी काढलेली खूण त्याची कशी होणार? पण काकांनी होकाराची मान हलवली. डोळे मिटले आणि स्क्रूच्या डोक्यावर अंगठा फिरवत राहिले.

"एक रेघ होती," म्हणाले. मग म्हणाले, "नाय, दोन असतील." अंगठा थांबला. "रोज असा हात फिरवायचो. अंगठ्याला बरोबर लागायची. डोळ्यांनी नीट बघितली कधी नाय."

त्यांनी घरी फोन लावला. स्पीकरवर टाकला, कारण त्यांना कमी ऐकू येतं.

"बिट्रिस, डिनोच्या स्क्रूवर काय कोरलेलं गं? एक रेघ की दोन?"

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

"मना नाय माहीत," बिट्रिस म्हणाली. "त्या रविवारी दाखवायला आलेला तो. मम्मी बघ, म्हणत होता. माझे हात मासळीचे होते. नंतर बघते, बोलले मी त्याला."

काकांनी फोन बंद केला नाही. तिनेही केला नाही. मी टोच्या हातात धरून तिथेच उभा होतो.