इथे पाणी काढावे

मित्रांनो, बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, चिनी मातीच्या बदकाशेजारी एक जुना ट्रंपेट बरीच वर्षे आडवा पडला होता. तो मी.

माझा जन्म पितळेच्या पत्र्यातून झाला. एका कारागिराने लाकडी हातोडीने ठोकून ठोकून मला उमललेले तोंड दिले, वर तीन कळा बसवल्या आणि नळीच्या वाकणाशी एक चिमुकली चावी लावली. ती पाण्याची. फुंकणाऱ्याचा श्वास माझ्या पोटात गार होतो आणि त्याचे पाणी साठते. ते वेळेवर सोडले नाही, तर माझा सूर गुळण्या केल्यासारखा येतो.

मला घरी आणले धाकटीने. घरात सर्वांत लहान म्हणून धाकटी; पुढे मोठमोठ्या सभागृहांत एकटी उभी राहून वाजवू लागली तरी नाव तेच राहिले. थोरला भाऊ तिला पियानोची साथ करी. शेकडो जणांनी वाजवून गुळगुळीत केलेल्या रचनांत धाकटीचे मन रमत नसे. कुणी काही नवीन लिहून बाजूला टाकले आहे असे कानावर आले, की ही जाऊन ते मागून आणी. "तुझ्या या नवलाईपायी माझी बोटं वाकडी होणार," असे दादा रोज म्हणे आणि रोज सरावाला बसे.

मास्तरांची रचना अशीच मिळाली. मास्तर शाळेत गणित शिकवत. आलेखाच्या कागदांवर लिहिलेली ती रचना नऊ वर्षे त्यांच्या खणात पडून होती. सभागृहाच्या व्यवस्थापकांना ती नको होती. लोक दमूनभागून येतात, त्यांना ओळखीचे ऐकू द्या, असे त्यांचे म्हणणे.

"लग्नाआधी वहिनींना तरी तुम्ही कुठे ओळखत होता?" धाकटी म्हणाली.

व्यवस्थापक हसले, पण अट घालूनच. एक संध्याकाळ देतो. लोक मधूनच उठून गेले, तर पुन्हा या सभागृहात नवीन काही वाजणार नाही.

त्या रचनेच्या मध्यावर वीस मात्रांची शांतता होती. तेवढा वेळ जराही हलायचे नाही, ट्रंपेट ओठांवरच राहिला पाहिजे, असे मास्तरांनी बजावले होते. सरावात ते सहज जमले. पण सरावात अवघड जागी दादा अडखळून थांबे, आणि तेवढ्यात धाकटी सवयीने माझे पाणी सोडून घेई. एकदाही न थांबता सबंध वाजवून पाहावे, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही.

ती संध्याकाळ मला स्वप्नासारखी आठवते. लोकांचे चेहरे माझ्या पितळेत लांबट, तरंगते दिसत होते. सूर निघत आणि छताशी जाऊन धुक्यासारखे रेंगाळत. मग शांतता आली. आणि मला कळले, माझे वाकण काठोकाठ भरले आहे. पुढचा सूर उंच होता आणि अगदी हळू. एवढ्या पाण्यातून तो येणे शक्य नव्हते.

पहिल्या रांगेतले एक गृहस्थ छत्री उचलून उठू लागले. त्यांच्या मागे दोघेतिघे चुळबुळले. धाकटीचे बोट चावीवर आले. बाराव्या मात्रेला तिने मला जरासे खाली झुकवले, चावी दाबली आणि माझ्यातून एक लांब श्वास सोडला. सूर नाही, नुसती हवा. झोपेत कुणी कूस बदलावी तसा आवाज. थेंब लाकडी फळ्यांवर टपटपले. अर्धे उठलेले ते गृहस्थ तसेच थांबले आणि हळूच खाली बसले. आपल्या शेजारीच कुणी उसासा टाकला, असे त्यांना वाटले असावे. मग तो उंच सूर आला. इतका स्वच्छ मी पुन्हा कधी वाजलो नाही.

कुणीही उठून गेले नाही.

मास्तर आत आले तेव्हा धाकटीची मान खाली होती. "चुकलं, मास्तर. तुमची शांतता मी मोडली."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कागदावरच्या त्या रिकाम्या जागी लिहिले, 'इथे पाणी काढावे. घाई नको.'

"नऊ वर्षं ही जागा मला खटकत होती," ते म्हणाले. "वाजवलंच नव्हतं कुणी, मग कळणार कसं?"

त्यानंतर व्यवस्थापकांनी दर वर्षी एक संध्याकाळ दिली, कुरकुरत का होईना. सत्तावीस वर्षे आम्ही न ऐकलेले वाजवत हिंडलो. कधी टाळ्या मिळाल्या, कधी जांभया. मग धाकटीचे पुढचे दात गेले. तिची भाची दातांची डॉक्टर. तिने आत्याला झकास कवळी करून दिली. बोलायला उत्तम, फुंकायला निरुपयोगी. मी बदकाशेजारी गेलो. मला बाहेरून चकचकीत पुसत, पण आत माझ्या कळा अडकून बसल्या होत्या. दुपारी काचेवर ऊन आले, की मला ते छत दिसे आणि त्याच्याशी रेंगाळणारे धुके.

परवा भाचीने मला बाहेर काढले. लहानपणी ती आत्याकडेच शिकली होती, पुढे दवाखान्यापायी राहून गेले. तिने मला कोमट पाण्याने आतून धुतले, कळांना तेल घातले, मास्तरांचे पिवळे पडलेले कागद मांडले. दादा पियानोशी बसला. बोटे खरोखरच वाकडी झालेली. शांततेची जागा आली; तिथली पेन्सिलीची ओळ पुसट झालेली, भाची मला ओठांवर ताठ धरून राहिली. धाकटीने खुर्चीतूनच हात पुढे करून मला घेतले आणि चावी दाबली. कवळीने सूर धरता येत नाही, पण श्वासाला दात कुठे लागतात? तोच लांब श्वास माझ्यातून गेला.

"घाई नको," म्हणत तिने मला भाचीच्या हाती दिले.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हाला नुसते बाहेरून पुसू नका. आतून धुवा, तेल द्या. आणि कुणाच्या खणात न वाजलेले कागद दिसले, तर एकदा तरी वाजवून पाहा.

बदकाशेजारी आता माझी जागा रिकामी आहे. ती तशीच राहू दे.