सत्तेचाळीस वाघिणींपलीकडे

चैत्र सरत आला होता. पिवळाधमक, पेटता, निःशब्द चैत्र. तळेगव्हाणच्या स्टेशनावर कडुनिंबाचा मोहर झरत होता, बाकांवर झरत होता, कुणीच न बसणाऱ्या बाकांवर. महिनाभरात एकही पॅसेंजर इथं थांबली नव्हती. महामारीनं माणसांना घरात कोंडलं होतं, आणि रुळांवरून फक्त धान्य धावत होतं, मीठ धावत होतं, कोळसा धावत होता.

त्या धावण्याला वाट करून देणारी स्टेशनमास्तर कावेरी. जाणाऱ्या प्रत्येक मालगाडीसमोर हिरवा झेंडा घेऊन उभं राहायचं, एकेक वाघीण, म्हणजे मालाचा डबा, डोळ्यांखालून घालायची, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डनं आपला झेंडा दाखवला की मगच श्वास सोडायचा. हे तिचं काम. आणि त्या शेवटच्या डब्यात कधी कधी दिगंबर असायचा. तिचा नवरा.

एकतीस दिवस तो घरी आला नव्हता. आप्पांची, म्हणजे त्याच्या वडिलांची, छाती जुन्या दम्यानं पोखरलेली. गावोगावचा वारा अंगावर घेऊन त्यांच्यासमोर जायचं कसं? म्हणून तो दूर जंक्शनवरच्या खोलीत मुक्कामाला. संसार उरला होता तो सात-आठ सेकंदांचा. दोन हिरवे झेंडे, दोन मास्क, चार डोळे. बस्स.

त्या डोळ्यांनीच घात केला. परवा तो येणार म्हणून कावेरीची नजर आधीपासूनच गाडीच्या शेपटाकडे लागली, चाकांकडे गेलीच नाही. गाडी ठीक आहे असं तिनं कळवूनही टाकलं, आणि पुढच्या स्टेशनाहून फोन आला: एका वाघिणीची साखळी रुळावर फरफटते आहे. निभावलं. पण तिची मान शरमेनं खाली गेली, त्यानंतर घास गोड लागला नाही.

आज पुन्हा त्याची गाडी. सत्तेचाळीस वाघिणी, पोटात गहू; कुठल्याशा रेशन दुकानांपुढे रांगेत ताटकळलेल्या माणसांचा गहू. आणि आजच, नेमका आजच, आप्पा नातीला घेऊन फलाटामागच्या बागेत, कुंपणाच्या आत उभे. तेरा महिन्यांची शाल्मली तीन दिवसांपूर्वी चालायला लागली होती. बापानं ते पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, दोन मिनिटं सिग्नल लाल ठेवलास तर कोण विचारणार आहे?" आप्पा म्हणाले.

कुणीच विचारलं नसतं. हेच तर अवघड होतं. मोह किती सोपा, किती मऊ, किती हाताशी! कावेरीनं पोरीकडे पाहिलं, आणि तिनं सिग्नल हिरवा केला.

"नको आप्पा. गहू अडवायचा नाही. तुम्ही तिला खाली सोडा. दिसलं तर दिसेल त्यांना."

गाडी आली. धरणी थरारली, मोहर उधळला, उन्हाची लाट अंगावर आली. कावेरीनं नजर चाकांवर रोवली आणि रोवूनच ठेवली. तांबूस वाघीण, काळपट वाघीण, धूळमाखली वाघीण. चाक, साखळी, चाक, साखळी. आणि चोविसाव्या वाघिणीखाली निळसर धुराची एक बारीक दोरी.

हिरवा झेंडा गेला, लाल फडफडला. "पायलटसाहेब, गाडी उभी करा! मधल्या वाघिणीचा अ‍ॅक्सल तापलाय, धूर निघतोय!" वॉकीटॉकीत ती इंजिनचालकाला ओरडून सांगत होती, धुरामागे धावत होती; आणि तिच्या शेजारून, कण्हत, मंदावत, शेवटचा डबा निघून गेला. तिनं वर पाहिलंच नाही.

फलाट ओलांडून गाडी थांबली. दिगंबर उतरला. जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती घटका आली होती, गाडी खरोखर थांबली होती. आणि तो मागे वळला नाही. आग विझवायचं नळकांडं उचलून, तिच्यापासून दूर, धुराच्या दिशेनं, खडीवरून धावत गेला. त्यानं तसंच करायचं असतं. तिला ते ठाऊक होतं, तरी डोळे भरून आले ते आलेच.

बऱ्याच वेळानं वॉकीटॉकीत दिगंबरचा आवाज खरखरला. "मॅडम, आग नाही. पण हा डबा पुढे जाणार नाही. गाडी मागे घेऊन तुमच्याकडे तो काढून ठेवावा लागेल. बाकीचा गहू जाईल." पायलटही ऐकत होता, म्हणून मॅडम. मग नुसती खरखर. मग तोच आवाज, जरासा कापरा: "आणि मॅडम... ती चालली. पाहिलं मी."

कावेरीनं कसाबसा आवाज सांभाळला. "घ्या मागे. सावकाश घ्या."

गाडी मागे येते तेव्हा शेवटचा डबाच पहिला होतो, आणि गार्डनं त्याच्या दारात उभं राहून वाट दाखवायची असते. दिगंबर उभा राहिला. सारं लोखंड, सारा गहू, सारं तापलेलं ओझं त्याच्यामागून हलू लागलं, हळू, अगदी हळू. आणि कुंपणाच्या आत शाल्मली आजोबांचं बोट सोडून त्याच्या दिशेनं निघाली, पडत, उठत, पुन्हा निघत. गाडी तिच्या चालीनं येत होती. ती गाडीच्या चालीनं जात होती.