काळ्या जिभेची

रेणूच्या जिभेवर जन्मापासून साबुदाणा सांडल्यासारखे बारीक दाणे होते. महाराष्ट्र झाला त्या सालच्या थंडीत त्यातले काही जांभळे-काळे पडले. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या आईला, विमलला, आधीच समजावलं होतं, "लसीकावाहिन्यांची गाठ आहे, साधी. कधी आत रक्त उतरतं, मग काळी दिसते. भिऊ नका. फक्त कुणाला हात लावू देऊ नका."

मुकुटबनच्या घरात हे कोण ऐकणार? सासूबाईंनी, लीलाबाईंनी, जीभ पाहिली आणि निकाल दिला, "काळ्या जिभेची हाय पोरगी. बोलंन ते खरं होते."

त्यातच चार वर्षांची रेणू गोठ्यात सहज म्हणाली, "पवळ्या पडते." आठवड्याच्या आत पवळ्या बैल नाल्यात पाय मोडून पडला. झालं! शेजारणी तिला पाहून वाट बदलू लागल्या. "माह्या घराचं नाव नोको घेऊ वं माय!"

विमल एकटी भांडायची. "नाल्यावरची फळी कुजली होती. जिभेचा काय संबंध?"

"तुह्या कालेजात बैल व्हते काय वं?" लीलाबाई विचारायच्या.

आताशा मात्र रेणू बोलायला लागली की विमलचं हातातलं काम थांबायचं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी नवरा, घनश्याम, कापूस भरलेली बैलबंडी घेऊन वणीच्या बाजाराला निघाला. सगळं घर ओसरीवर उभं. रेणू धावत पुढे गेली. "बाबा, तुमी वापस..."

विमलचा तळवा तिच्या तोंडावर आदळला. कधी उठला, तिलाच कळलं नाही. हात काढला तर त्यावर लाल ठिपका. एक दाणा फुटला होता.

बंडी गेली. लीलाबाई रागावल्या नाहीत, मायेने सुनेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुले बी पटलं न मंग."

विमलने तळव्यावरचा लाल ठिपका पदराला पुसला.

तिसऱ्या दिवशी घनश्याम सुखरूप परतला. लेकीला मांडीवर घेऊन म्हणाला, "त्या दिवशी काय सांगून राह्यलती वं? वापस येतानी काय आना म्हनत व्हती?"

रेणूने ओठ घट्ट मिटून आईकडे पाहिलं. बोलू का?

सगळं घर विमलकडे पाहत होतं. एकदा 'बोल' म्हटलं असतं तर पुरे होतं. शब्द अगदी ओठांवर आला. पण सोमवारी घनश्यामची दुसरी खेप होती.

"जा," विमल म्हणाली, "अंगणात खेळ जा."